पाटावरचा हात

५ जून

आज काय फरक पडला: काही नाही.

तेजल मॅडमनी रोज एवढंच लिहायला सांगितलंय. त्या बोईसरच्या दवाखान्यात ह्यांच्याकडून व्यायाम करून घेतात. वय असेल सव्वीस-सत्तावीस, माझ्या स्नेहलपेक्षा थोड्या मोठ्या. म्हणाल्या, "शकूताई, तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला फरक कळत नाही. लिहीत जा." मी म्हटलं, बाई, फरक असेल तर आंधळ्यालाही कळेल. तरी वही आणली. एका ओळीवर थांबले तर कोरं पान डोळ्यात खुपतं, म्हणून पुढे लिहिते. लिहिताना माझं शाळेतलं मराठी येतं, बोलताना आमच्या सातपाटीचं. त्याला इलाज नाही.

माझे यजमान वामन हे तांडेल. म्हणजे बोट ह्यांच्या हाती. कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी माघारी फिरायचं, सगळं हे ठरवतात. बोट ह्यांची आणि चुलतभावाची, शांतारामभाऊजींची, मिळून आहे. होळीनंतर आठव्या दिवशी घरात चहा पिता पिता ह्यांच्या हातून कप पडला. मी ओरडले, नवा कप होता म्हणून. वर बघितलं तर ह्यांचं तोंड वाकडं झालेलं. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आलाय, ओढत का होईना चालतात. बोलणं दोन-चार शब्दांचं. उजवा हात मात्र मूठ वळून छातीशी बसलाय तो बसलाय.

सध्या मासेमारीला बंदी आहे, बोटी वर ओढून ठेवल्यात. नारळी पौर्णिमा झाली की आमची बोट जाणार. तोवर हात उघडला तर हे जातील. नाही उघडला तर भाऊजी दुसरा तांडेल ठेवतील, आणि दुसरा एकदा बसला की ह्यांना परत कोण बसवतो. हे दिवसभर त्या हाताकडे बघत असतात. मला ते बघवत नाही.

८ जून, रविवार

फरक नाही.

स्नेहलला कंपनीची सुट्टी होती. ती वही वाचून हसली. म्हणाली, "आई, असं 'नाही, नाही' लिहून काय होणार? फोटो काढ. रोज एकाच जागी, एकाच वेळेला, एकाच उजेडात एक फोटो. मग सगळे जोडायचे. कळी उमलताना दाखवतात ना, तसा हात उघडताना दिसेल. टाइमलॅप्स म्हणतात त्याला."

मी विचारलं, दोन महिन्यांचं किती होईल. ती म्हणाली, सेकंदाला दहा फोटो धरले तर सहा सेकंद. हे दोन महिने सहा सेकंदांत गेले असते तर मी देवाला नारळ दिला असता.

जेवणाचा पाट खिडकीपाशी मांडला, त्यावर खडूने चौकोन काढला. ह्यांचा हात त्या चौकोनात. समोर दोन विटा, त्यावर पत्र्याचा डबा, डब्याला जाळ्याच्या दोऱ्याने स्नेहलचा जुना फोन बांधला. तो आता तिथेच राहणार, हलवायचा नाही. मी बाजारातून आले की संध्याकाळी पाचचा फोटो.

पहिला काढला. मूठ. नुसती मूठ.

१२ जून

चार फोटो झाले. एकात हात पिवळा, एकात निळा. पावसासाठी पडवीला निळी ताडपत्री लावलीय, उजेड तिच्यातून येतो. ह्यांचा हात बुडालेल्या माणसाच्या हातासारखा दिसतो. मला धसकाच बसला. ताडपत्री काढली तर घरात पाणी येतं.

हिंदीतले व्हिडिओ बघून शिकतेय. तो माणूस म्हणतो, रंगाचं माप फोनवर सोडू नका, आपण पक्कं करून ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटो वेगळा येतो आणि जोडल्यावर सगळं लुकलुकतं. हे मला आधी कोण सांगणार.

१६ जून

बोईसरला सुके बोंबील विकून झाल्यावर कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. फोटो सुधारायचं काहीतरी द्या म्हटलं. त्याने जे दाखवलं ते दर महिन्याला पैसे मागणारं. मी म्हटलं, मेल्या, पापलेटसुद्धा एकदा विकलं की गिऱ्हाइकाचं होतं, महिन्या महिन्याला भाडं मागत नाय कोण. तो हसला आणि फुकटवाल्याचं नाव कागदावर लिहून दिलं. स्नेहलने लॅपटॉपवर घातलं. चांगलं आहे. उजेड कमीजास्त होतो, निळेपणा काढता येतो. फक्त तयार व्हिडिओत एका कोपऱ्यात स्वतःचं नाव उमटवतं.

ह्यांना निळा काढलेला हात दाखवला. बघत राहिले. "बरा," म्हणाले.

फरक: हात माणसाचा दिसला.

२३ जून

आज मी एक केलं. फोटोच्या आधी ह्यांची बोटं जराशी सोडवली. उघडली नाही, फक्त करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सैल केलं. आम्ही टोपली मांडतो तेव्हा सरळ, पांढरे बोंबील वर आणि मोडके खाली ठेवतो. त्याला कोण लबाडी म्हणत नाही, ती मांडणी. मूठ मूठ मूठ असे साठ फोटो कोण बघेल? ह्यांनाच बघून जीव जाईल.

हे खिडकीबाहेर बघत होते.

१ जुलै

आज खरा फरक. मी बाजारातून आले तर बोटं आधीच उघडी होती. मी हात लावायच्या आधी. दोन बोटं, अगदी मोकळी, पाटावर टेकलेली. मी टोपली तशीच दारात टाकली. "तुमी उगडलीत?" विचारलं तर ह्यांनी मान हलवली आणि हसले. वाकडं हसू, पण हसले. होळीपासून पहिल्यांदा.

मी देवापुढे दिवा लावला आणि रडले. स्नेहलला फोन केला तर रडणं थांबेना, तिला वाटलं बाबा गेले.

फोटो काढताना मी तिसरं बोट थोडं उचललं, इतकंच.

४ जुलै

उघडी होती. आज तीन. बोटांवर लाल गोल वण उठलाय, चटई रुतत असेल. तेजल मॅडमना विचारायला हवं.

१० जुलै

बाजारात एक कंपनीवाला, परप्रांतीय, रोजचा गिऱ्हाईक. टोपलीत हात घालायला लागला. "भाभी, ऊपर का नहीं, नीचे वाला दिखाओ." मी त्याचा हात झटकला. घ्यायचं तर घे, उकरू नको म्हटलं. गेला मेला. दिवसभर डोकं फिरलेलं होतं, कशाने ते कळेना.

घरी आले तर बोटं उघडी. बरं वाटलं.

१३ जुलै, रविवार

पहिल्यांदा सगळे फोटो जोडले. स्नेहल शेजारी होती. छत्तीस फोटो, साडेतीन सेकंद. पाच दिवसांचे मी काढून टाकले, त्यात हात फार आवळलेला होता, मध्येच आल्यावर धक्का बसतो. कोपऱ्यातलं ते नाव घालवायला ती बाजू कापली. त्या बाजूला ह्यांचा डावा हात उजव्याचं मनगट धरून असतो, तोही कापला गेला. चालतं, बघायचा आहे तो उजवा.

मग त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय सापडली. दोन फोटोंच्या मधले फोटो कॉम्प्युटर आपणच बनवतो, म्हणजे धक्के बसत नाहीत. ते लावलं आणि काय सांगू, हात उघडला. सुरळीत, हळू, झोपेतून उठलेलं पोर हात उघडतं तसा. मी पंधरा वेळा बघितला.

स्नेहलने लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाली, "आई, हा खोटा वाटतो." मी म्हटलं, तूच शिकवलंस ना, आता तूच नाट लाव. ती उठून भांडी घासायला गेली.

१५ जुलै

शांतारामभाऊजी आले होते. तांडेल बघायला लागलेत. जिवल्या म्हणून एक आहे, चांगला आहे, वारा ओळखतो. त्याला आज-उद्या हो म्हणणार होते. हे पाटाशी बसून ऐकत होते. मानेची शीर ताठ झालेली मला दिसली.

मी भाऊजींना व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांपाशी धरला. परत बघितला. त्यांचे डोळे भरले. "दादा," म्हणाले, "अरे, तू तर..." आणि फोन मला परत दिला. मग म्हणाले, "जिवल्याला नाय सांगतो मी. पौर्णिमेला अजून तीन आठवडे हायत. दादाच घेईल बोट."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आनंदाने बघतायत.

२० जुलै

व्हिडिओ सगळ्या खलाशांच्या फोनवर गेलाय. वाटेत बायका थांबवून विचारतात. बरं वाटायला हवं. मी पाऊल उचलून पुढे निघते.

हे जेवत नाहीत नीट.

२४ जुलै

तेजल मॅडमना व्हिडिओ दाखवला. त्यांनी एकदाच बघितला. मग ह्यांना म्हणाल्या, "काका, आता इथे उघडून दाखवा." ह्यांनी प्रयत्न केला. कपाळावर घाम आला, खांदा थरथरला, मूठ तशीच. मी म्हटलं, इथे लाजतात, घरी उघडतो. मॅडम म्हणाल्या, "ताई, हे फोटो आहेत. एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत हात कोण नेतं ते ह्यात दिसत नाही." वण बघितला, ह्यांना विचारलं कशाचा. हे खाली बघत राहिले.

मला राग आला. मी त्यांना नको ते बोलले. लग्न झालेलं नाही, तुम्हाला काय कळणार म्हटलं. त्याचा हाताशी काय संबंध, पण बोलले. परत येताना रिक्षात हे डाव्या हाताने माझा पदर धरून बसले होते.

मी दाखवीन त्यांना. फोनमध्ये सोय आहे, अर्ध्या अर्ध्या मिनिटाला आपोआप फोटो काढायची. उद्या सकाळी लावून बाजारात जाते. दिवसभरात हात आपला आपण कसा उघडतो ते घ्या बघून.

२५ जुलै

आठला लावून गेले, पाचला आले. चार बोटं उघडी. फोन रोजच्याच जागी होता, त्यामुळे ह्यांना काही कळलं नाही. हजाराच्या वर फोटो आहेत. रविवारी स्नेहल लॅपटॉपवर घेईल.

२७ जुलै, रविवार

स्नेहलला बाहेर पाठवलं, एकटीने बघितले. हे शेजारच्या खोलीत झोपले होते. एकेक फोटो पुढे ढकलत बघितला, जोडलेच नाहीत. फोनला दारापर्यंतची खोली दिसते, मी रोज त्यातला पाटच बघायचे.

सकाळी हे नुसते बसलेत. मूठ मांडीवर. नऊ, दहा, अकरा. ताडपत्रीचा निळा उजेड भिंतीवरून सरकतो, तेवढंच हलतं. बारा वाजता जेवण डाव्या हाताने. मग झोप.

दोन वाजता उठून पाटाशी आले. डाव्या हाताने उजवा उचलून चौकोनात ठेवला. अंगठा उघडला. पुढच्या फोटोत अंगठा मिटलेला. परत उघडला. मग पहिलं बोट. परत मिटलं. असं किती वेळ, मी मोजलं नाही, फोटो पुढे ढकलून ढकलून माझं बोट दुखलं. एका फोटोत दातांत ओठ धरलाय. एका फोटोत हाताला मारतायत, डाव्या मुठीने उजव्या हाताला.

साडेतीनला पाय ओढत कोपऱ्यात गेले आणि माझ्या तराजूचं अर्ध्या किलोचं जुनं वजन घेऊन आले. बोटं उघडायची आणि वर वजन ठेवायचं. तासाभराहून जास्त वेळ वजन तसंच, हे त्याच्याकडे बघत बसलेले. पाचला पाच कमी असताना वजन जागेवर ठेवून आले. मग डोकं वर करून दाराकडे बघतायत. त्याच्या पुढच्या फोटोत माझा पदर आहे.

म्हणजे एक जुलैपासून हे असं. मी आणखी एक बोट उचलायचे आणि मला वाटायचं, ह्यांना कळत नाही.

मला आज काही लिहायचं नव्हतं. फरक काही नाही. होळीपासून काही फरक नाही.

३० जुलै

भाऊजी किनाऱ्यावर बोटीला रंग देत होते. त्यांना सांगितलं. मांडणी, कापलेली बाजू, कॉम्प्युटरने बनवलेले मधले फोटो, वजन, सगळं. मला वाटलं रडेन, पण रडले नाही, भाव सांगावा तसं सांगून टाकलं.

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, सहा मानसं हायत बोटीवर. मधे दर्यात सुकानू सुटला असता तर? त्यांच्या घरी पन बायका हायत."

मी म्हटलं, म्हणून तर आले.

"जिवल्या खाडीपल्याड मुरबे गावच्या बोटीवर गेला. आता कोन नाय मिळत. मला धरायला लागेल. आनि मला वारा कळत नाय, ह्ये तुमाला म्हाईत हाय, दादाला म्हाईत हाय, सगल्या गावाला म्हाईत हाय."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाले, दादाला मीच येऊन सांगतो. मी घरी आले. बोटं उघडी होती. मी फोटो काढला. बोटाला हात लावला नाही, तरी लाज वाटली.

३ ऑगस्ट

भाऊजी आले. चहा घेतला. हे पाटाशी बसलेले, हात चौकोनात. ह्यांनी हनुवटीने हाताकडे खूण केली, बघ म्हणून. भाऊजींनी बघितलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरा होतोय, दादा." आणि उठले.

दाराबाहेर मला म्हणाले, "माज्याच्यान नाय झाला. तुमी सांगा."

माझ्याच्यानेही होत नाही. भ्याड आहे मी. बाजारात चार माणसांना झोपवीन, पण ह्या माणसासमोर तोंड उघडत नाही. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "कवा?" बोट कधी निघणार, असं. मी सांगितलं, इंजिनाचं सामान मुंबईहून यायचंय, आठवडा जाईल. ह्यांनी मान हलवली आणि परत पाटाकडे वळले. आठवडा मिळाला म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

ह्यांना नवा सदरा घातला. उजवी बाही मी घातली. दर्यावर नेलं नाही, पाऊस आहे, पाय घसरेल म्हटलं. खरं कारण खलाशी भेटले असते. नारळ स्नेहलने वाहिला. सगळं गाव खाली आणि आम्ही दोघं घरात, दार लावून. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं.

दिवसभर हात पाटावर होता. सणाच्या दिवशीसुद्धा.

१० ऑगस्ट, रविवार

बोट आज दुपारच्या भरतीला जाणार हे मला परवाच कळलं होतं. मी बाजाराला गेले नाही. अकरा वाजता टीव्ही लावला, मोठ्या आवाजात. ह्यांनी मला विचारलं नाही की आज घरी कशी. पाटाशी बसले. मी समोर आहे म्हणून वजन घेता येईना, म्हणून डाव्या हाताने बोटं धरून बसले. आता लपवायचं त्यांनाही सुचेना. मीही बघितलं नाही असं दाखवलं आणि तांदूळ निवडत बसले.

बाराच्या पुढे खाडीतून बोटी निघायला लागल्या. टीव्हीच्या आवाजातून ऐकू येत होत्या, एकामागून एक. मला सगळ्या सारख्याच. सहावी की सातवी असेल, ह्यांनी डोकं वर केलं. डाव्या हाताने मला खूण केली, टीव्ही बंद कर.

मी बंद केला.

हे ऐकत राहिले. आवाज खाडीच्या तोंडाशी जाईपर्यंत ऐकला. "आपली," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कोन?"

मी म्हटलं, "शांतारामभाऊजी." खोटं बोलायला काही उरलं नव्हतं. "मीच सांगितला त्यांना. मी समदे फोटो बघितले, दिवसभराचे."

मला वाटलं रागावतील, किंवा रडतील. पाटावर उजवा हात तसाच होता, चार बोटं डाव्या हाताने सरळ धरून ठेवलेली. आवाज ऐकू येईनासा झाला. मग त्यांनी डाव्या हाताने करंगळी मिटली. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं, मग पहिलं, आणि शेवटी अंगठा वर बसवला. हात उचलून मांडीवर ठेवला, आणि पाट पायाने बाजूला सारला.

पाच वाजता मी फोटो काढला नाही. वाऱ्याने ताडपत्री आपटत होती आणि हे मला म्हणाले, "वारा फिरला." एवढंच. ते तसेच दाराकडे तोंड करून बसलेत, मी इथे.